चुंबकी क्रेनने प्लेट उचलताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

चुंबकाच्या पाटीवर ‘दोन टन’ असे कोरलेले असते आणि त्या आकड्यावर विसंबून दोन टनांच्या आतली कोणतीही प्लेट बेधडक उचलली जाते. ही सर्वांत जास्त वेळा होणारी आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पाटीवरचा आकडा जाड, सपाट, स्वच्छ, थंड आणि कमी कार्बनच्या पोलादापुरता खरा असतो, शिवाय चुंबकाचा तळ मालाला पूर्ण टेकलेला असावा लागतो. यांतली एक अट सुटली तरी आकडा खाली येतो आणि दोन-तीन एकदम सुटल्या तर पाटी वाचण्यातही अर्थ उरत नाही. बडोद्यात मकरपुरा, पोर-रमणगामडी, वाघोडिया, सावली या भागांतल्या शेडमध्ये ओव्हरहेड क्रेनला चुंबक लावून प्लेट, बिलेट (पोलादाचे ओतीव लांब ठोकळे) आणि भंगार हाताळले जाते. तिथल्या पर्यवेक्षकांनी आणि क्रेनचालकांनी हे काम कोणत्या क्रमाने करावे, ते पुढे मांडले आहे. भर प्लेटवर आहे. भंगाराचे नियम काही बाबतींत वेगळे असल्याने ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहेत.

टप्पा १: चुंबकाची जात ओळखा

शेडमध्ये साधारण तीन जातींची चुंबके दिसतात आणि प्रत्येकाचा धोका निराळा असतो.

स्थायी चुंबकाला वीज लागत नाही. लिव्हर फिरवून ते चालू आणि बंद करतात. वीज गेली तरी त्याची पकड जात नाही, पण लिव्हर अर्धवट फिरला किंवा त्याची खिट्टी नीट बसली नाही तर पकड अपुरी राहते आणि बाहेरून ते कळत नाही. यातले बहुतेक लिफ्टर निओडिमियमचे असतात आणि सामान्य प्रतीचे निओडिमियम सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कमजोर पडू लागते. गॅसने नुकतीच कापलेली प्लेट अशा लिफ्टरने उचलणे म्हणजे ती प्लेट आणि तो लिफ्टर दोन्ही धोक्यात घालणे होय.

विद्युतचुंबकाला सतत डीसी पुरवठा लागतो, आपल्याकडे बहुधा ११० किंवा २२० व्होल्टचा. वीज गेली की पकड गेली, म्हणून बॅटरीचा आधार हा त्याचा अविभाज्य भाग समजावा.

तिसरे इलेक्ट्रो-पर्मनंट. यात पकड स्थायी चुंबकाची असते आणि वीज फक्त चालू-बंद करताना क्षणभर लागते. प्लेट हलवण्यासाठी ही जात सोयीची आहे. मात्र चालू करण्याचा तो क्षणभराचा प्रवाह अपुरा पडला तर चुंबकन अर्धवट होते, म्हणून पॅनेलवरचा ‘पूर्ण चुंबकन’ दर्शवणारा दिवा लागल्याशिवाय उचल सुरू करू नये.

तपासा: चालकाला आपल्या क्रेनवर यांपैकी कोणती जात आहे हे विचारावे. ‘मॅग्नेट आहे’ एवढेच उत्तर आले तर त्याचे प्रशिक्षण इथूनच सुरू करावे.

टप्पा २: वजनाचे दोन हिशोब मांडा

पहिला हिशोब क्रेनचा. क्रेनची क्षमता म्हणजे हुकाखाली लटकणाऱ्या सगळ्याचे वजन, ज्यात चुंबक, आडवा बीम, साखळ्या आणि शॅकल (जोडकड्या) हे सारे आले. समजा क्रेन १० टनांची आहे आणि बीमसह चार चुंबकांचे वजन २.६ टन आहे, तर मालासाठी उरतात ७.४ टन. हा उरलेला आकडा बीमवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा. चालक वर केबिनमध्ये असो की खाली पेंडंट (क्रेनला लोंबणारी बटणांची पेटी) घेऊन उभा असो, वजाबाकी त्याने मनातल्या मनात करावी अशी अपेक्षा ठेवू नये.

दुसरा हिशोब मालाचा. पोलादाची घनता घनमीटरला ७,८५० किलो धरली तर सूत्र सोपे आहे: लांबी मीटरमध्ये, रुंदी मीटरमध्ये, जाडी मिलिमीटरमध्ये, या तिघांचा गुणाकार करून त्याला ७.८५ ने गुणावे. उत्तर किलोत येते. ६ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १६ मिलिमीटर जाड प्लेट सुमारे १,५०७ किलो भरते. मालाबरोबर आलेल्या चलनावरचे वजन पूर्ण गठ्ठ्याचे असू शकते, त्यामुळे चलन हाती असले तरी हा गुणाकार टाळू नये.

यानंतर चुंबकाचा सुरक्षा गुणक पाहावा. युरोपातल्या ईएन १३१५५ या मानकानुसार चुंबक मालापासून सुटण्यासाठी लागणारे बल हे त्याच्या जाहीर क्षमतेच्या, स्थायी आणि इलेक्ट्रो-पर्मनंट चुंबकासाठी किमान तिप्पट आणि विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या विद्युतचुंबकासाठी किमान दुप्पट असावे लागते. हे दुप्पट-तिप्पट वाचून काहीजण ‘म्हणजे अजून बराच वाव आहे’ असा अर्थ काढतात. तो वाव गंज, फट, वाकलेली प्लेट आणि तापलेली कॉइल (चुंबकातले तारेचे वेटोळे) यांच्यासाठी ठेवलेला असतो. जास्त माल उचलून तो आधीच खर्च केला, तर या गोष्टी एकत्र आल्या त्या दिवशी हाताशी काही उरत नाही.

टप्पा ३: मालाची परीक्षा

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून इथे वेळ द्यावा.

हवेची फट. चुंबक आणि माल यांच्यामध्ये जे काही लोहचुंबकीय नाही, ते सगळे चुंबकाच्या दृष्टीने फटच असते: गंजाचा थर, सुटलेली खपली, रंग, वाळू, वेल्डिंगचे शिंतोडे, पावसाने चिकटलेला चिखल, पॅकिंगची लाकडी फळी. आणि ही फट दोनदा मोजावी लागते. चुंबकीय प्रवाह एका ध्रुवातून प्लेटमध्ये शिरतो आणि दुसऱ्या ध्रुवातून परत येतो, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा गंज त्याला एक मिलिमीटरचा पडतो. ओढ ही प्रवाहाच्या घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते; घनता निम्मी झाली तर ओढ पाववर येते. घनता एक टेस्ला (हे तिचे एकक) असेल तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण चार किलोंची ओढ मिळते, आणि अर्ध्या टेस्लाला तीच एका किलोवर येते. डोळ्याला क्षुल्लक वाटणारी खपली प्लेट का पाडते, ते या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

म्हणून प्लेटवर जिथे चुंबक टेकणार तेवढा भाग तारेच्या ब्रशने घासून, फडक्याने पुसून घ्यावा. चुंबकाचा तळही तसाच पुसावा. त्यावर ग्राइंडिंगचा बारीक चुरा चिकटून बसतो आणि तो चुरा लोखंडाचाच असल्यामुळे ‘त्याने काय होते’ असे म्हणून सोडून दिला जातो. प्रत्यक्षात त्याचे टोकदार कण तळाला प्लेटपासून वर उचलून धरतात.

तपासा: चुंबक टेकवल्यावर, चालू करण्यापूर्वी, चारही कडांशी फीलर गेजचे (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांचे) पाते सरकवून पाहावे. पाते आत शिरते ती बाजू नोंदवावी. प्रत्येक वेळी त्याच बाजूला शिरत असेल तर दोष प्लेटचा नाही. चुंबकाचा तळ झिजला आहे.

जाडी. पातळ पत्र्यात मोठ्या चुंबकाचा सगळा प्रवाह मावत नाही. पत्रा संपृक्त होतो आणि उरलेला प्रवाह खालच्या पत्र्यांत उतरतो. यातून दोन गोष्टी घडतात. वरच्या पत्र्यावरची पकड अपेक्षेपेक्षा कमी राहते आणि त्याच वेळी खालचे एक-दोन पत्रे उगाचच बरोबर उचलले जातात. निर्मात्याच्या तक्त्यात जाडीप्रमाणे क्षमता दिलेली असते. तो तक्ता लॅमिनेट करून क्रेनच्या खांबापाशी लावावा. ऑफिसच्या कपाटात त्याचा उपयोग शून्य.

लांबी आणि झुकाव. लांब, पातळ प्लेट उचलली की तिची टोके खाली वाकतात. मग चुंबकाच्या कडेशी फट उघडते आणि पाटाला चिकटलेला पापड कडेने सोलून निघावा तशी ती प्लेट सुटत जाते. सरळ खाली ओढून चुंबक सोडवायला जे बल लागते, त्याच्या तुलनेत कडेने सोलायला फारच थोडे पुरते. म्हणून लांब प्लेटला एक मोठे चुंबक लावण्यापेक्षा आडव्या बीमवर लहान लहान चुंबकांची रांग बरी.

धातूचा प्रकार. बडोद्याच्या परिसरात रासायनिक आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी भांडी आणि उष्णता-विनिमयक बनवणाऱ्या शेड बऱ्याच आहेत, त्यामुळे एकाच आवारात माइल्ड स्टील आणि स्टेनलेस शेजारी शेजारी पडलेले असते. ३०४ आणि ३१६ प्रतीचे स्टेनलेस चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. ते मुळीच चिकटले नसते तर प्रश्नच नव्हता, पण ३०४ प्रतीचा पत्रा थंड अवस्थेत वाकवला किंवा दाबला की त्यात थोडे चुंबकत्व येते आणि तो चुंबकाला हलकासा चिकटतो, तो उचलता येईल असा भास होतो. ४३० आणि ड्युप्लेक्स प्रती चुंबकाला चिकटतात, पण त्यांची पकड माइल्ड स्टीलइतकी धरू नये. स्टेनलेसचा थर चढवलेल्या क्लॅड प्लेटला स्टेनलेसच्या बाजूने चुंबक लावले तर तो संपूर्ण थर फट ठरतो. बीड लोखंडावरची ओढ माइल्ड स्टीलच्या मानाने बरीच कमी असते, साधारण निम्मी धरावी. बारा-चौदा टक्के मँगनीजचे पोलाद चुंबकाला चिकटतच नाही.

सावधान: खिशातल्या छोट्या चुंबकाने ‘चिकटते का’ एवढेच पाहून प्लेटचा प्रकार ठरवू नये. हीट नंबर (पोलादाच्या ओतणीचा क्रमांक) आणि रंगखूण पाहावी. रंगखूण पुसलेली प्लेट चुंबकी क्रेनच्या रांगेत येताच कामा नये; ती स्लिंग किंवा क्लॅम्पने हलवावी.

तापमान. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या पुढे चुंबकत्व गमावते, पण त्या आकड्याची वाट पाहण्याची गरज नाही. साध्या विद्युतचुंबकाचे इन्सुलेशन त्याच्या फार आधी धोक्यात येते आणि गरम बिलेटसाठी वेगळ्या बांधणीची चुंबके मिळतात. निर्मात्याने दिलेल्या तापमानाच्या पुढचा माल उचलायचा नाही, इतके पुरेसे आहे.

गोल माल. दांडा किंवा पाइप चुंबकाला एका रेषेत टेकतो, सपाट पृष्ठभागावर नाही. तळाला इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच असली तरी गोल मालाची क्षमता सपाट मालाच्या निम्म्याच्याही खाली असू शकते. पाटीवर गोल मालासाठी वेगळा आकडा असतो. तो नसेल तर ते चुंबक गोल मालाला वापरू नये.

टप्पा ४: पाळी सुरू होण्यापूर्वीची तपासणी

हे काम पंधरा मिनिटांचे आहे आणि क्रमाने केले तर काही सुटत नाही.

१. हुक, हुकाची खिट्टी, शॅकलच्या पिना आणि साखळ्यांच्या कड्या डोळ्यांनी पाहाव्यात. भंगाराच्या क्रेनवर माल सुटताच चुंबक उसळते आणि साखळीला दर वेळी हिसका बसतो, त्यामुळे कड्या जिथे एकमेकींना टेकतात तिथली झीज कॅलिपरने मोजावी.

२. चुंबकाच्या केबलचा गुंडाळणारा ड्रम हॉइस्टच्या (माल वर-खाली करणाऱ्या यंत्रणेच्या) गतीने चालतो का ते चुंबक रिकामे ठेवून एकदा पूर्ण खाली-वर करून पाहावे. केबल ढिली पडली तर ती मालात अडकते आणि ताणली गेली तर प्लग निघतो. प्लगला कुलूपवजा खिट्टी असलीच पाहिजे.

३. पॅनेलवर डीसी व्होल्टेज आणि प्रवाह वाचावा. अँमीटर बिघडला असेल तर डीसी मोजणाऱ्या टाँगटेस्टरने (तारेभोवती पकडायच्या मीटरने) प्रवाह मोजावा.

४. बॅटरीचे व्होल्टेज, चार्जरचा दिवा आणि वीज गेल्यावर वाजणारा भोंगा तपासावा.

५. वरची लिमिट स्विच (हुक फार वर गेला की हॉइस्ट थांबवणारी) आणि ब्रेक नेहमीप्रमाणे.

तिसऱ्या क्रमांकावर थोडे थांबतो, कारण अँमीटरचा काटा जे सांगत असतो त्याकडे पाहण्याची सवय फारच थोड्यांना आहे. तांब्याच्या तारेचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो आणि ॲल्युमिनियमचा जवळपास तितकाच. कॉइल ८० अंशांनी तापली तर रोध तीस टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो, म्हणजे व्होल्टेज तेच असताना सकाळी ४० अँपिअर दाखवणारा काटा दुपारी ३० च्या आसपास येतो. व्होल्टेज जसेच्या तसे दिसत असल्यामुळे चालकाला सगळे ठीक वाटते, पण ओढ उतरलेली असते. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४० च्या वर जातो, पत्र्याच्या छपराखाली क्रेनच्या उंचीवर हवा आणखी तापते आणि तिथेच पॅनेल बसवलेले असते.

यावर उपाय दोन. एक, सकाळचा थंड आणि दुपारचा गरम असे दोन्ही आकडे रोज लिहावेत आणि कोणत्या आकड्याच्या खाली पूर्ण भार उचलायचा नाही ते निर्मात्याकडून लेखी घ्यावे. दोन, चुंबकाचा कार्यकाळ पाळावा. पाटीवर ६० टक्के लिहिले असेल तर दहा मिनिटांच्या चक्रात सहा मिनिटे चालू आणि चार मिनिटे बंद, असा त्याचा अर्थ आहे. माल टेकवून ठेवला आहे आणि चहाला गेलो आहोत, पण चुंबक चालूच आहे, हे दृश्य अनेक शेडमध्ये दिसते. त्या चहाची किंमत पुढच्या उचलीला मोजावी लागते.

सावधान: चुंबकाचा पुरवठा क्रेनच्या मुख्य कॉन्टॅक्टरच्या आधी वेगळा घेतलेला असावा. चालकाने आपत्कालीन लाल बटण दाबले की क्रेन थांबली पाहिजे, पण माल सुटता कामा नये. जुन्या क्रेनला नंतर चुंबक बसवताना हा पुरवठा हमखास मुख्य कॉन्टॅक्टरच्या मागून घेतला जातो, आणि मग धोका टाळण्यासाठी दाबलेले बटणच प्लेट खाली सोडते. आपल्या क्रेनवर कसे आहे ते आजच तपासावे. प्लेट जमिनीपासून चार बोटे उचलून, सर्वांना दूर उभे करून लाल बटण दाबावे. प्लेट पडली तर वायरिंग बदलेपर्यंत ती क्रेन चुंबकासाठी बंद ठेवावी.

टप्पा ५: जागा आणि माणसे

उचललेल्या मालाखाली कोणी नसावे हे सगळे जाणतात. चुंबकाच्या बाबतीत एवढे पुरत नाही, कारण सुटलेली प्लेट सरळ खाली पडेलच असे नाही. ती एका टोकाने आधी सुटते आणि तिरकी घसरत जाते. म्हणून मोकळी ठेवायची जागा प्लेटच्या सावलीपुरती नसावी. चारही बाजूंनी निदान उचललेल्या उंचीइतके अंतर सोडावे आणि वाटेत कोणाचे काम चालू असेल तर ते थांबवावे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली) कलम २९ ने घालून दिलेला सहा मीटरचा नियमही इथे लक्षात ठेवावा: क्रेनच्या रुळांवर किंवा रुळांजवळ, क्रेनची धडक बसेल अशा जागी कोणी काम करत असेल तर क्रेन त्या जागेच्या सहा मीटरच्या आत येणार नाही अशी व्यवस्था करावी. गँट्रीवर (क्रेनचे रूळ पेलणाऱ्या उंच सांगाड्यावर) दिवे बदलायला चढलेला इलेक्ट्रिशियन चालकाला दिसत नाही, आणि हा नियम नेमका त्याच्यासाठी आहे.

हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीला चुंबकाच्या परिसरात प्रवेश नसल्याची पाटी दारावर लावावी, पाहुण्यांनाही ते विचारावे.

इशारा देणारा एकच असावा. आपल्या शेडमध्ये गुजराती, हिंदी, मराठी अशा तिन्ही भाषांत हाका मारल्या जातात, त्यात ग्राइंडरचा आवाज मिसळतो आणि ‘छोड’ म्हणाला की ‘छोडना मत’, हे वर ऐकू जात नाही. म्हणून माल सोडण्याचा हुकूम तोंडी कधीच देऊ नये, हातानेच द्यावा. ‘थांब’ हा इशारा मात्र कोणीही दिला तरी चालकाने पाळावा.

टप्पा ६: उचल

१. प्लेटचा मध्य फूटपट्टीने मोजून खडूने फुली मारावी. नजरेने ठरवू नये. मध्य चुकला की प्लेट कलते, आणि कललेल्या प्लेटला धरून ठेवण्यासाठी चुंबकाकडे घर्षणाखेरीज काही नसते. सरळ ओढीच्या तुलनेत ही पकड अगदी थोडी असते, तेलकट प्लेटवर तर आणखी कमी.

२. चुंबक बंद ठेवून फुलीवर अलगद टेकवावे आणि दोर किंचित ढिला सोडावा. चुंबक आधी चालू करून वरून खाली आणले तर प्लेटचे टोक उसळून वर येते, आणि आसपासच्या कपच्याही मध्ये येऊन बसतात.

३. चालू करून थांबावे. कॉइलमध्ये प्रवाह एकदम चढत नाही. लहान चुंबकाला एक-दोन सेकंद पुरतात, मोठ्या गोल चुंबकाला त्याहून जास्त लागतात. काटा चढून स्थिर झालेला दिसला की मगच पुढे जावे. स्थायी चुंबकाचा लिव्हर शेवटपर्यंत फिरवून खिट्टी बसल्याचा आवाज ऐकावा आणि लिव्हर हाताने मागे ओढून पाहावा.

४. दोर हळूच ताणून प्लेट दहा सेंटिमीटर उचलावी आणि निदान दहा सेकंद तशीच धरावी. ही चाचणी उचल प्रत्येक वेळी करावी. प्रत्येक प्लेटची खपली वेगळी असते, म्हणून पहिल्या फेरीत केलेली चाचणी दहाव्या फेरीला लागू पडत नाही.

तपासा: याच दहा सेकंदांत खलाशाने (माल बांधणाऱ्या मदतनिसाने) दूर उभे राहून, वाकून, प्लेटच्या कडेकडे टॉर्च मारून पाहावे. कडेला एकच रेष दिसली पाहिजे. दोन रेषा दिसल्या तर खाली दुसरी प्लेट चिकटून आली आहे.

५. दुसरी प्लेट चिकटली असेल तर ती पाय मारून किंवा पहारीने पाडायची नाही. प्रवाह कमी-जास्त करण्याची सोय असेल तर याच दहा सेंटिमीटरच्या उंचीवर प्रवाह उतरवत न्यावा, खालची प्लेट गळून पडली की तो परत पूर्ण चढवावा, आणि पुन्हा दहा सेकंद थांबावे. प्रवाह परत चढवायला विसरणे ही चूक दिसते तितकी दुर्मीळ नाही. अशी सोय नसेल तर सगळे खाली ठेवून चुंबक बंद करावे आणि प्लेटच्या कडेजवळ लाकडी पाचर ठोकून दोन्ही प्लेटांमध्ये फट पाडावी.

टप्पा ७: वहन

मालाची उंची गरजेपुरतीच ठेवावी. वाटेतल्या सर्वांत उंच अडथळ्यावरून हातभर मोकळी राहील इतकी. लाँग ट्रॅव्हल (क्रेनची रुळांवरची चाल) आणि क्रॉस ट्रॅव्हल (पुलावरच्या ट्रॉलीची आडवी चाल) एकाच वेळी सुरू करू नयेत. झटक्याने सुरुवात केली की माल झुलतो, झुलताना प्लेट हवेला आडवी येते आणि चुंबकाच्या कडेवर सोलणारे बल पडते. चालू-बंद करण्याच्या बटणावर टोपण असावे किंवा सोडण्यासाठी दोन बटणे एकत्र दाबावी लागावीत. रेडिओ रिमोट असेल तर त्याची बॅटरी उतरल्यावर क्रेन थांबते पण चुंबक चालूच राहते, याची खात्री रिकाम्या जागेत एकदा करून पाहावी.

माल वळवायला हात लावू नये. नायलॉनचा दोर किंवा लांब काठी वापरावी आणि माणसाने मालाच्या मागून चालावे.

भंगाराच्या आवारात तर जमिनीवर माणूसच नसावा. भंगाराच्या ढिगात कोणता तुकडा कशाला लटकला आहे हे कुणालाच सांगता येत नाही, आणि एखादा तुकडा वाटेत पडणे तिथे ठरलेले असते.

टप्पा ८: ठेवणे आणि सोडणे

माल खाली ठेवण्याआधी लाकडी दांडके एका पातळीत मांडून ठेवावेत. प्लेट लटकत असताना खाली हात घालून दांडका सरकवणे हा बोटे गमावण्याचा ठरलेला मार्ग आहे.

प्लेट दांडक्यांवर पूर्ण बसून दोर ढिला झाल्यावर, आणि इशारा देणाऱ्याने हाताने खूण केल्यावरच चुंबक बंद करावे. विद्युतचुंबकाच्या पॅनेलमध्ये बंद करताना उलटा प्रवाह क्षणभर देण्याची सोय असते. त्याने उरलेले चुंबकत्व जाते. ती चालत नसेल तर पातळ पत्रा चुंबकाबरोबर पुन्हा वर येतो आणि हातभर उंचीवरून सुटतो. म्हणून बंद केल्यानंतर पहिले दहा सेंटिमीटर अगदी सावकाश वर जावे आणि तोपर्यंत कोणी जवळ येऊ नये.

सावधान: पुरवठा चालू असताना चुंबकाचा प्लग कधीही ओढू नये. कॉइलमधला प्रवाह अचानक तुटला की तिच्या टोकांवर मूळ पुरवठ्याच्या कितीतरी पट व्होल्टेज उभे राहते. हाताला चटका बसण्याची भीती आहेच, कॉइलचे इन्सुलेशनही फाटते. पॅनेलमधला डिस्चार्ज रोधक याचसाठी असतो आणि तो जळाला तर पॅनेल ‘चालते आहे’ म्हणून वापरू नये.

टप्पा ९: मध्येच वीज गेली तर

उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या, दिवसांत तारांवर अडकलेल्या मांजाने वीज झपकते, पावसाळ्याच्या पहिल्या वादळात ती तासभर जाते. दोन्ही वेळी क्रम एकच असतो.

भोंगा वाजताच सर्वांनी मालापासून दूर व्हावे. मालाकडे धावून त्याखाली टेकू लावण्याचा विचारही करू नये. बॅटरीने पकड निदान दहा मिनिटे टिकली पाहिजे, पण ही मिनिटे काम पुरे करण्यासाठी नाहीत. हॉइस्टचा ब्रेक हाताने सोडण्याची सोय असेल तर आणि ज्याला ते शिकवले आहे अशा माणसाने माल हळूहळू जमिनीवर उतरवावा. तशी सोय नसेल तर परिसर दोर लावून बंद करावा आणि वीज येईपर्यंत किंवा माल सुटेपर्यंत कोणालाही आत सोडू नये. वीज क्षणभरात परत आली तरी लगेच पुढे जाऊ नये. माल आधी खाली टेकवावा, व्होल्टेज आणि प्रवाह वाचावा आणि टप्पा ६ पुन्हा पहिल्यापासून करावा.

तपासा: महिन्यातून एकदा, प्लेट जमिनीपासून दहा सेंटिमीटर उचलून मुख्य पुरवठा मुद्दाम बंद करावा आणि घड्याळ लावून प्लेट किती वेळ टिकते ते लिहावे. बॅटरी म्हातारी होत असते. मागच्या महिन्यात वीस मिनिटे आणि या महिन्यात तेरा, असा उतार दिसला की ती बदलायची, दहावर येईपर्यंत थांबायचे नाही.

टप्पा १०: नोंदी आणि ठेवण

वर सांगितलेल्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने घालून दिल्याप्रमाणे क्रेन आणि उचलीच्या साधनांची सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून किमान एकदा कसून तपासणी करून घ्यावी. त्या यादीत चुंबक, बीम आणि साखळ्या यांचे क्रमांक स्वतंत्र लिहावेत. क्रेनचा दाखला आहे पण त्याखालच्या चुंबकाचा उल्लेखच नाही, असे कागद तपासणीच्या दिवशी हमखास निघतात.

पाळी संपल्यावर चुंबक हुकाला लटकते ठेवू नये. कोरड्या जागी लाकडी ओंडक्यांवर ठेवावे; तळ थेट काँक्रीटवर टेकवला तर त्यावर ओरखडे पडतात, आणि पावसाळ्यात शेडमध्ये पाणी शिरले तर टर्मिनल बॉक्स भिजतो. भिजलेले चुंबक पुसून, वाळवून, मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन रोध मोजल्याशिवाय पुरवठ्याला जोडू नये. टर्मिनल बॉक्सचे झाकण उघडून आतले रबरी सील दर पावसाळ्यापूर्वी बदलावे, आणि बदलल्याची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवावी.